‘लवथवती’ आणि लवथळेश्वर : प्रसिद्ध गीतांच्या स्थलनिश्चयाविषयीं

(१)

कोणतेंही गीत लोकांच्या तोंडीं बसलें कीं त्याच्यासाठीं एक गांव शोधण्याची इच्छा आपोआप उत्पन्न होते. कवि कोठें बसला होता, त्याच्या डोळ्यांपुढें कोणती मूर्ति, कोणती नदी अथवा कोणता कडा होता, हें कळल्यावांचून गीत पुरतें आपलें झालें असें भाविकास वाटत नाहीं आणि रसिकासही वाटत नाहीं. या इच्छेंत निंद्य असें कांहीं नाहीं. परंतु इच्छेला प्रमाणाचें आसन देतां येत नाहीं. अलीकडे देवस्थानांच्या माहितीपुस्तिकांतून, यात्रेकरूंसाठीं लावलेल्या फलकांवरून आणि सणावारीं निघणाऱ्या लेखांतून ‘अमुक आरती अमुक स्थळीं स्फुरली’ अशीं विधानें निःशंकपणें केलीं जातात, आणि पुढचा लेखक तींच आधार म्हणून घेतो. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या व जुन्या पाठांची छाननी करणाऱ्या वाचकांस या विधानांकडे दुर्लक्ष करितां येणार नाहीं. कारण स्थळाची आख्यायिका एकदां रूढ झाली म्हणजे ती प्रथम गीताच्या अर्थावर आणि कालांतरानें त्याच्या अक्षरांवरही हात टाकते. कोणतें स्थलविधान कोणत्या प्रतीच्या प्रमाणावर उभें आहे, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

या विषयांत जो घोंटाळा होतो त्याचें मूळ एका शब्दाच्या सैल वापरांत आहे. ‘गीताचें स्थळ’ असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत तीन निरनिराळ्या वस्तु मिसळलेल्या असतात. कवीनें जेथें बसून गीत रचिलें तें रचनास्थान. गीतांत ज्याचें वर्णन आहे तें वर्ण्यस्थान. आणि जेथें तें गीत परंपरेनें गाइलें जातें, व म्हणून जेथील लोकांस तें आपलें वाटतें, तें गायनस्थान. हीं तिन्ही क्वचित् एकत्र येतात. बहुधा गायनस्थानाचे लोक आपल्या गांवास वर्ण्यस्थान मानूं लागतात, आणि वर्ण्यस्थान ठरलें कीं दुसऱ्या पिढींत तेंच रचनास्थान होऊन बसतें. या तीन पायऱ्या वेगळ्या ठेविल्या तर पुष्कळसे वाद मुळांतच मिटतील असें आम्हांस वाटतें.

(२)

स्थलनिश्चय कसा करावा याचा उत्तम नमुना ‘मेघदूता’च्या रामगिरीच्या वादांत सांपडतो. येथें काव्याच्या पहिल्याच श्लोकांत स्थळाचें नांव आलें आहे, आणि सीतेच्या स्नानानें तेथील जळ पावन झाल्याचा उल्लेखही आहे. टीकाकार मल्लिनाथ यानें रामगिरि म्हणजे चित्रकूट असें लिहून ठेविलें. आधुनिक अभ्यासकांपैकीं कित्येकांनीं सरगुजा भागांतील, म्हणजे आतांच्या छत्तीसगड राज्यांतील, रामगड पुढें केला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं नागपुराजवळचें रामटेक हाच रामगिरि असें साधार प्रतिपादन केलें. मिराशी हे मूळचे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतील, आतांच्या सिंधुदुर्गांतील, कुवळे गांवचे. पण आम्ही त्यांच्या पक्षाचे आहों तें या नात्यामुळें नव्हे, त्यांच्या पक्षाला जें बळ आहे त्यामुळें.

तें बळ दुहेरी आहे. पहिलें काव्याच्या पोटांतलें. यक्ष मेघाला उत्तरेकडे जावयास सांगतो, आणि त्या वाटेवर आम्रकूट, मग रेवा म्हणजे नर्मदा, मग दशार्ण देशांतील विदिशा, अशीं स्थळें क्रमानें येतात. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेस आहे. तेथून उत्तरेस निघालेल्या मेघाला नर्मदा ओलांडण्याचें कारणच पडत नाहीं. सरगुज्याचा रामगड अमरकंटकाच्या पूर्वेस पडतो. तेथूनही उत्तरेच्या वाटेवर रेवा येत नाहीं. रामटेक मात्र नर्मदेच्या दक्षिणेस असल्यामुळें मार्ग सरळ जुळतो. दुसरें बळ काव्याच्या बाहेरचें. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें मिळालेला ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. म्हणजे त्या काळीं विदर्भांत रामगिरि या नांवाचें मान्यता पावलेलें देवस्थान होतें, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकाच्या पायथ्याजवळच होती. नांव, दिशा आणि स्वतंत्र लेख, अशीं तीन प्रमाणें येथें एकमेकांस न विचारतां एकाच ठिकाणीं बोट दाखवितात.

तरी वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. येथवर जें सिद्ध झालें तें वर्ण्यस्थान. कालिदासानें रामटेकावर बसून काव्य लिहिलें, हें त्यापुढचें अनुमान आहे. वर्णनांतील परिचयाच्या खुणा त्याला पोषक असतील. पण जो ताम्रपट रामगिरीचें नांव सांगतो तो कवीचें नांव सांगत नाहीं. इतक्या भक्कम उदाहरणांतही एका पायरीवरून दुसरीवर जातांना पाऊल जपून टाकावें लागतें, मग इतरांची कथा काय!

(३)

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण आपल्या काळांतलें घेऊं. विनायक दामोदर सावरकर यांचें सागरास उद्देशून केलेलें गीत महाराष्ट्रांत ठाऊक नाहीं असें घर विरळा. त्या गीतांत किनाऱ्याचें नांव नाहीं. सावरकर १९२४ ते १९३७ इतकीं वर्षें रत्नागिरीस स्थानबद्धतेंत होते हें सर्वश्रुत आहे. समजा, शंभर दोनशें वर्षांनीं गीत तेवढें उरलें आणि त्याचा इतिहास पुसला गेला, तर एखादा बुद्धिमान् संशोधक तें रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रचिलें गेलें असें ठरवील, आणि त्याचें अनुमान ऐकावयास अत्यंत साजरें वाटेल. तरी तें खोटें असेल. गीत १९०९ सालचें, इंग्लंडांतील ब्रायटन येथील समुद्रकांठचें. आणि हें आपणांस ठाऊक आहे तें त्या वेळीं सोबत असलेल्या निरंजन पाल यांनीं, म्हणजे बिपिनचंद्र पाल यांच्या पुत्रानें, आठवण नमूद करून ठेविली म्हणून. येथें नांव नाहीं, विशेष खूण नाहीं, पण साक्षीदार आहे, आणि एक डोळस साक्षीदार शंभर साजऱ्या अनुमानांस भारी पडतो. शिवाय येथें रचनास्थान आणि मनांतलें स्थान यांच्यामध्यें सारा समुद्र पसरलेला आहे. किंबहुना तें अंतर हाच गीताचा विषय आहे. कवि नाशिकजवळच्या भगूरचा, म्हणजे समुद्र न पाहतां वाढलेला, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. गीतांतील वस्तु कवीच्या जन्मगांवीं असलीच पाहिजे या समजुतीचें याहून चांगलें खंडन नाहीं.

केशवसुतांची नैर्ऋत्येच्या वाऱ्यास उद्देशून केलेली कविता या दोहोंच्या मधें बसते. कवि मालगुंडचा, आणि कोंकणी मनुष्यास नैर्ऋत्य ही दिशा म्हणजे पावसाची दिशा. एका दिशेच्या उल्लेखानें मन कोणीकडे ओढ घेत आहे हें कळतें. लेखणी कोणत्या गांवीं चालली हें कळत नाहीं. म्हणजे दिशा ही विशेषणांहून बळकट खूण आहे, पण तिचें बळ कोठवर पोंचतें याची मर्यादा आहे.

आतां श्रीसमर्थांकडे येऊं. पुढील चर्चा त्यांच्याच नांवावरील आरत्यांची असल्यामुळें त्यांचें एक निःसंशय वर्णनात्मक काव्य आधीं पाहिलेलें बरें. डोंगरमाथ्यावरून कोसळणाऱ्या धबधब्याचें समर्थांनीं केलेलें वर्णन शाळकरी मुलांसही पाठ असतें. तें शिवथरच्या घळीचें असें मानितात. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं महाड तालुक्यांतील ही घळ पुनः लोकांच्या नजरेस आणून दिली. या काव्यांत कड्यावर आपटणारें पाणी, त्यानें उठणारे वाऱ्याचे भोंवरे, तुषार आणि वारा मिळून दाटणारें धुकें, कानठळ्या बसविणारा ध्वनि, आणि या सर्व गदारोळाच्या आंत मिळणारी विश्रांति, असा क्रम आहे. हा शेवटचा विशेष महत्त्वाचा. धबधबे सह्याद्रींत शेंकड्यांनीं आहेत. धबधब्याच्या मागें अथवा लगत मनुष्यानें निवांत राहावें अशी घळ मात्र थोड्याच ठिकाणीं मिळते. वर्णनाचे पहिले घटक सामान्य, शेवटचा विशेष. आणि समर्थांच्या शिवथरच्या वास्तव्याची परंपरा त्याच्या पाठीशीं. म्हणून हें स्थलविधान आम्ही ‘बलवत्तर संभव’ या कोटींत घालतों. हें काव्य वाचतांना वाचक स्वतः भिजतो, आणि अशी ओल ऐकीव माहितीनें येत नसते, असेंही आमचें मत आहे. पण हें मत रसिकाचें आहे, त्यास आम्ही प्रमाणांत धरीत नाहीं.

(४)

आरत्यांचें प्रकरण याहून नाजूक आहे. ‘दासबोधा’ची कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगांवच्या मठांत राहिली, म्हणून त्या ग्रंथाच्या पाठास खुंटी मिळाली. आरती ही वस्तु निराळी. ती पोथींतून म्हटली जात नाहीं. टाळ्यांच्या ठेक्यावर, घाईनें, लहानथोर मिळून, ऐकल्याप्रमाणें म्हणतात. भाद्रपदांत आमच्या कोंकणांत घरोघर फिरून रात्र रात्र आरत्या चालतात. त्यांत शब्दांचें काय होतें हें ज्यानें ऐकलें आहे त्यास विस्तारानें सांगावयास नको. शेंदराची ‘उटी’ ‘ओटी’ होते, ‘संकटीं’ पावणारा देव ‘संकष्टी’स पावूं लागतो, आणि ‘फणिवरबंधना’ या सुंदर समासाची ‘फळीवर वंदना’ होऊन, देवाच्या कमरेचा नाग उतरून भिंतीवरच्या फळीवर जाऊन बसतो! हंसण्याचा भाग सोडला तर यांतील हानि खरी आहे. कारण ज्या शब्दांच्या आधारें मूर्तीचें रूप ओळखावयाचें, तेच शब्द प्रथम पडतात.

स्थळ निर्विवाद असलेली आरती म्हणून विठ्ठलाची, नामदेवाच्या नांवावरील, आरती घ्यावी. वीट, कटीवरील कर आणि भीमेचा तीर हीं लक्षणें एकत्र आलीं म्हणजे दुसऱ्या गांवाचा विचारही मनांत येत नाहीं. तेथें वाद करण्यास जागा नाहीं, म्हणून आम्हीही तेथें थांबत नाहीं.

गणपतीची ‘सुखकर्ता’ ही आरती समर्थांची, आणि ती मोरगांवच्या मयूरेश्वरास पाहून स्फुरली अशी परंपरा आहे. ही परंपरा थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. मोरगांव हें गाणपत्यांचें प्राचीन पीठ. मोरया गोसावी यांच्या भक्तीनें त्याचा लौकिक महाराष्ट्रभर झालेला. समर्थांचा संचार सर्वत्र. ते तेथें गेले असतील हें म्हणणें सर्वथा संभवनीय आहे. परंतु संभव आणि सिद्धि यांत अंतर आहे. परंपरेचे पुरस्कर्ते आरतींतील शेंदराच्या उटीकडे बोट दाखवितात, कारण मयूरेश्वराच्या मूर्तीवर शेंदराचें दाट लेपन आहे. आतां तर्कशास्त्राच्या प्रारंभींच विद्यार्थ्यास शिकवितात कीं लक्षणाचे दोष तीन : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें तर तें म्हशीसही लागू पडतें; ही अतिव्याप्ति. शेंदराचें लेपन हें लक्षण असेंच आहे. अष्टविनायकांपैकीं इतर मूर्तींवर शेंदूर आहे, गांवोगांवच्या गणपतींवर आहे, मारुतीवरही आहे. कमरेचा नागबंध आणि तीन डोळे यांचीही तीच गति. तीं गणेशाच्या शास्त्रोक्त ध्यानांतलीं लक्षणें आहेत आणि ध्यानश्लोक पाठ असलेल्या कवीस तीं घरबसल्या मिळतात. उलट, आरतींत सोंड सरळ म्हटली आहे आणि मयूरेश्वराची सोंड डाव्या बाजूस वळलेली आहे. ‘सरळ सोंड’ हें रूढ विशेषण असेल, म्हणून एवढ्यावरून मोरगांवचा पक्ष खोटा पडतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण शेंदूर मोजणारांनीं सोंडही मोजली पाहिजे. अनुकूल तेवढें घ्यावें आणि प्रतिकूल तें सोडावें, ही वकिली झाली, संशोधन नव्हे.

तथापि या आरतींत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं, आणि आमच्या मतें तीच मोलाची आहे. गणपत्यथर्वशीर्षांतील ध्यान आठवावें : तेथें देव रक्तवर्ण आहे, वस्त्रें तांबडीं आहेत, गंधही तांबडें आहे. आरतींतील देव पीतांबर नेसलेला आहे. त्याला कुंकुमकेशराचें चंदन लाविलें आहे. रत्नांचा अलंकार, हिऱ्यांचा मुकुट, मोत्यांची माळ आणि पायीं वाजणारीं नूपुरें आहेत. म्हणजे शास्त्रांतल्या ध्यानाच्या देवाहून हा देव निराळा दिसतो. पूजा होऊन, वस्त्रालंकार घालून सजविलेला, उत्सवाच्या घटकेचा देव हा आहे. पीतांबर हा शब्द पुढें कोणत्याही रेशमी वस्त्रास लागूं लागला, ही शंका आम्ही स्वतःच घेतों; तरी बाकीचा साज उरतोच. कवीच्या डोळ्यांपुढें कोणती तरी प्रत्यक्ष पूजा होती, असें म्हणावयास ही जागा आहे. ती मोरगांवची असूं शकेल. चिंचवडची असूं शकेल. एखाद्या अनाम खेड्यांतील उत्सवाचीही असूं शकेल. गीताच्या मागें खरें स्थळ असणें आणि तें स्थळ आपणांस ओळखतां येणें, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मान्य करून दुसरी नाकारणें यांत कवीचा अपमान नाहीं आणि देवाचाही नाहीं.

(५)

आतां लेखाच्या मुख्य विषयाकडे वळूं. मोरगांवाहून पायीं एका दिवसांत गांठतां येईल अशा जेजुरीजवळ लवथळेश्वराचें शिवालय आहे. समर्थांच्या नांवावरील शंकराची आरती ‘लवथवती’ या शब्दानें आरंभ होते. यावरून ती आरती समर्थांनीं लवथळेश्वराच्या दर्शनीं रचिली, आणि पहिल्या शब्दांत त्या देवाचेंच नांव गोंविलें, असें सांगितलें जातें. जेजुरीच्या खंडेरायाची आरतीही समर्थांच्याच नांवावर असल्यामुळें ही आख्यायिका अधिकच पटते.

या आख्यायिकेचा सारा भार नामसादृश्यावर आहे. म्हणून शब्दाची परीक्षा केली पाहिजे. ‘लवथवणें’ हें चांगलें जुनें मराठी क्रियापद आहे. हलणें, डुलणें, कांपणें, लवलवणें हे त्याचे अर्थ. लटपट, डळमळ, झगमग यांच्या जातीचा तो अनुकरणवाचक जोडशब्द आहे. दोन्ही अंगांत ‘अव’ असा एकच नाद राखून आरंभींचें व्यंजन तेवढें बदललें आहे. आणि ‘-ती’ हा प्रत्यय जुन्या भाषेंतील वर्तमानकाळाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनाचा : करिती, बोलती, चालती, तसें लवथवती. म्हणजे या क्रियापदास अनेकवचनी कर्ता हवा. आणि तो पुढें लगेच हजर आहे. ब्रह्मांडांच्या माळा त्या विक्राळ देवाच्या ठायीं लवथवत आहेत, हा पहिल्या चरणाचा अर्थ. विश्वेंच्या विश्वें गळ्यांतल्या माळेप्रमाणें हेलावत आहेत, आणि तें हेलावणें शब्दाच्या नादांतच ऐकूं येत आहे! अशा चरणांत ‘लवथवती’ हें स्थळाचें नांव मानिलें तर वाक्यांतील एकुलतें एक क्रियापद नाहींसें होतें, माळा जागच्या जागीं ताठ उभ्या राहतात, आणि कवीची सारी प्रतिभा एका पत्त्यापुरती उरते.

आतां देवाच्या नांवाकडे पाहूं. लवथळेश्वर म्हणजे लव, थळ आणि ईश्वर. ‘थळ’ हें संस्कृत ‘स्थल’ शब्दाचें सरळ मराठी रूप : जल-जळ, फल-फळ, तसें स्थल-थळ, अलिबागेजवळील थळ गांवाचें नांव वाचकांच्या परिचयाचें असेलच. जेजुरीकर ‘लव’ हें एका ऋषीचें नांव सांगतात. तें कांहीं असो; ‘थळ’ मधील ‘ळ’ आणि ‘थव’ मधील ‘व’ एकमेकांत बदलण्याची रीत मराठीच्या वर्णप्रक्रियेंत नाहीं. दोन शब्दांत साम्य आहे तें पहिल्या तीन अक्षरांच्या उच्चारापुरतें; व्युत्पत्तीनें ते परके आहेत. एक क्रिया आहे, दुसरें ठिकाण आहे.

येथें कोणी म्हणेल : शब्द वेगळे असले तरी कवीच्या कानास सादृश्य पुरतें, लवथळेश्वराचें नांव ऐकून ‘लवथवती’ हें क्रियापद सुचलें नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. कवीचा कान असा चालतो हें आम्हांस मान्य आहे; संस्कृत काव्यांतील अनुप्रास आणि यमक यांचें अर्धें भांडार अशाच योगायोगांनीं भरलें आहे. परंतु या युक्तिवादाचा फायदा घेणारानें त्याची किंमतही द्यावी. ती ही कीं, मग आरतीचा अर्थ क्रियापदाप्रमाणेंच केला पाहिजे. लवथळेश्वर हें फार तर शब्द सुचण्याचें निमित्त ठरेल, अर्थ ठरणार नाहीं. आणि निमित्त सिद्ध करावयाचें तर शब्दाबाहेरचा पुरावा हवा, कारण आरतीच्या उरलेल्या भागांत जेजुरीची एकही खूण नाहीं. कंठांतील विष, मस्तकावरील गंगा, त्रिनेत्रांतील ज्वाळा, कर्पूरासारखा गौर वर्ण, समुद्रमंथनाची कथा, हें सर्व पुराणांतील शिवाचें रूप आहे. तें काशीस लागू आहे, त्र्यंबकेश्वरास लागू आहे आणि आमच्या गांवकुसाबाहेरील महादेवासही लागू आहे. गणपतीच्या आरतींत निदान सजविलेल्या मूर्तीचा भास होता. येथें तोही नाहीं. म्हणून ‘लवथवती’चें स्थलविधान आम्ही केवळ ऐतिह्याच्या कोटींत ठेवितों. पौराणिक ऐतिह्यास प्रमाण मानीत, नैयायिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नसत. इतिहासाच्या अभ्यासकानें या बाबतींत नैयायिकांचा हात धरावा हें बरें.

(६)

नांव आणि कथा एकमेकांस कशीं घडवितात हें पाहण्यास आम्हांस जेजुरीपर्यंत जाण्याची गरज नाहीं. आमच्या बुरोंडीच्या शेजारीं लाडघर येथें समुद्रांत तामसतीर्थ आहे. तेथील पाणी किनाऱ्यालगत तांबूस दिसतें. आतां ‘तामस’ शब्दाचा संस्कृत अर्थ काळोखाचा, तमोगुणाचा. आणि तीर्थ तर तांबडें! आमचें अनुमान असें कीं मूळ लोकांच्या तोंडीं ‘तांबस’ अथवा ‘तांबूस’ असा सरळ शब्द होता, जो संस्कृत ‘ताम्र’ शब्दाचा वंशज आहे. पुढें कोणा व्युत्पन्नानें त्यास शुद्ध करावयास जाऊन ‘तामस’ केलें. शुद्धीकरणाच्या हौसेनें रंगाचा शब्द गेला आणि गुणाचा आला. ‘लवथवती’चें ‘लवथळेश्वर’ करणें ही त्याच हौसेची दुसरी बाजू आहे. तेथें गुणाचा, म्हणजे क्रियेचा, शब्द जाऊन गांवाचा येत आहे.

दुसरें उदाहरण याहून ताजें. परशुरामानें समुद्र हटवून कोंकण निर्माण केलें ही कथा स्कंदपुराणाचा भाग म्हणविणाऱ्या सह्याद्रिखंडांत आहे, आणि या भागांत तिचें जुनें पीठ म्हणजे चिपळुणाजवळचें परशुराम क्षेत्र. बुरोंडीस समुद्राच्या वरच्या टेंकडीवर, पृथ्वीच्या गोलार्धावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ति उभारली गेली आहे ती अगदीं अलीकडची. ती सुंदर आहे, आणि तेथून दिसणारा समुद्र पाहून कथा खरी वाटूं लागते हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कथेमुळें मूर्ति आली, मूर्तीमुळें कथा आली नाहीं. कांहीं शतकांनीं उद्घाटनाची शिला झिजली आणि मूर्ति तेवढी राहिली, तर ‘बुरोंडीच्या याच टेंकडीवरून बाण सुटला’ असें लिहिणारा लेखक निघणार नाहीं याची हमी कोण देईल? आज जेजुरीस, मोरगांवास आणि इतरत्र जीं स्मृतिस्थळें दिसतात त्यांकडे पाहतांना आधीं हा प्रश्न विचारावा : येथें गीत स्थळापासून निघालें, कीं स्थळ गीतापासून?

(७)

कोणी म्हणेल कीं एवढ्याशा शब्दासाठीं इतका खल कशाला? भाविकास लवथळेश्वराचें दर्शन घेऊन आरती म्हणतांना आनंद होत असेल तर संशोधकानें मधें कां यावें? आमचें उत्तर असें कीं त्या आनंदाशीं आमचें भांडण नाहीं. लवथळेश्वर हें त्या आरतीचें गायनस्थान आहे, आणि गायनस्थान म्हणून त्याचा मान पूर्ण आहे. आमचें भांडण आहे तें पाठाशीं होणाऱ्या दंडेलीशीं. आजच पुष्कळ ठिकाणीं ‘लवथवती’ऐवजीं ‘लवलवती’ असें म्हटलें जातें. अर्थ जवळचा म्हणून तो पाठभेद तरी सोसतो. उद्यां स्थलमाहात्म्याच्या भरांत कोणी मुद्रक ‘लवथळती’ असें छापील, आणि परवां तोच ‘मूळ पाठ’ म्हणून पुढें येईल. जो शब्द पांढऱ्यावर काळा होण्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या केवळ जिभेवर तगला, त्याच्यावर इतका भार टाकणें योग्य नव्हे.

म्हणून हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस आमची विनंति अशी आहे. देवघरांतील बाडें, स्त्रियांच्या हातच्या वह्या, मठांतील सुटीं पानें यांत आरत्या पुष्कळ असतात. बहुधा तीं किरकोळ म्हणून बाजूस पडतात. तीं बाजूस सारूं नयेत. प्रत्येक आरतीचा पहिला चरण, शेवटची नाममुद्रा आणि कडव्यांची संख्या उतरून घ्यावी. लेखनाचा शक, लेखकाचें नांव आणि गांव असल्यास तें वेगळें टिपावें, व तें नकलाकाराचें गांव आहे, कवीचें नव्हे, हें स्पष्ट लिहावें. कारण लेखनस्थानाचें रचनास्थान होण्यास एक निष्काळजी सूचीकार पुरतो. अशुद्ध वाटणारा शब्द सुधारूं नये, आहे तसाच घ्यावा. ‘ओटी’ असेल तर ‘ओटी’ लिहावी. ती चूक कोणत्या मुलखांत, कोणत्या शतकांत शिरली हें तिच्यावरूनच कळेल. आणि बाडाबरोबर एखादी स्थळाची आख्यायिका मिळाली तर तीही सांगणाराच्या शब्दांत लिहून ठेवावी, मात्र पाठाच्या पानावर नव्हे, निराळ्या पानावर.

अशा शंभर दोनशें नोंदी एकत्र आल्या म्हणजे ‘लवथवती’ कोठें कोठें आणि कोणकोणत्या रूपांत म्हटली जात होती याचा नकाशा मांडतां येईल. त्या नकाशांत जेजुरी ठळकपणें पुढें आली तर लवथळेश्वराच्या पक्षास आजवर नसलेलें बळ मिळेल, आणि आम्हीही तें मोकळ्या मनानें मान्य करूं. तोंवर ब्रह्मांडांच्या माळा जशा हेलावत आहेत तशाच हेलावूं द्याव्या. त्यांना एका गांवच्या खुंटीस अडकविण्याची घाई करूं नये.

बुरोंडी, ता. दापोली, जि. रत्नागिरी